लाईट गेली, फ्रीजरमधलं मटण-मासे मऊ पडले: काय ठेवायचं, काय टाकायचं?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. डीप फ्रीजर अर्धाच भरलेला होता. आत जत्रेचं उरलेलं कच्चं मटण, चिकन, गोव्याहून आणलेले बांगडे, सोललेली कोळंबी, हंगामात सोलून ठेवलेला वाटाणा, खवलेला नारळ आणि आइस्क्रीमचा डबा आहे. काही गच्च आहे, काही मऊ पडलंय, बांगड्यांच्या पिशवीत तर पाणीच पाणी आहे. वास कशालाच येत नाही. सासूबाई म्हणतात, हळद-मीठ लावून चांगली उकळी काढली की काही होत नाही. पुन्हा गोठवलं तर चालेल का?"

ताई, तातडीचं आधी सांगते, कारण लाईट आल्यामुळे सगळं पुन्हा गोठायला लागलं असेल आणि एकदा गोठलं की मऊ काय पडलं होतं ते कळायचं नाही. बांगडे टाकून द्या. आइस्क्रीम टाकून द्या. चिकन आणि कोळंबी पूर्ण मऊ पडली असेल आणि फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीइतकी गार लागत नसेल, तर तीही टाका. मटण गच्च असेल किंवा तुकड्यांमध्ये बर्फाचे कण हाताला लागत असतील, तर ते ठेवायला हरकत नाही. वाटाण्याचं आणि नारळाचं पुढे सांगते.

मी आधी मासळी प्रक्रिया कारखान्यात तपासणीचं काम केलं आणि आता बेळगाव परिसरातल्या केटरिंगच्या स्वयंपाकघरांत अन्नसुरक्षा बघते. तुमच्या प्रश्नातलं "वास येत नाही" हे वाक्य मला या कामात सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. "वास कुठं येतोय की ओ मॅडम?" असं म्हणून आचारी पातेलं पुढे करतात. पण अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू हे बरेचसे वेगवेगळे असतात. नासवणाऱ्यांमुळे वास येतो, बुळबुळीतपणा येतो, रंग जातो. साल्मोनेलासारखे आजारी पाडणारे जंतू मात्र मटण-चिकनाचा वास, रंग, चव काहीही न बदलता वाढू शकतात. म्हणून वास आला तर टाकायचंच, पण वास नाही म्हणून ठेवायचं असं करू नये. जिभेवर ठेवून बघण्याचा प्रकार तर मुळीच नको.

बघायचं असतं ते दोनच गोष्टींकडे: पदार्थ किती तापला आणि किती वेळ तसा राहिला. फ्रीजरमधल्या उणे १८ अंश सेल्सिअसला जंतू मरतात असा पुष्कळांचा समज आहे. ते मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. पदार्थ वितळून ५ अंशांच्या वर गेला की ते पुन्हा वाढू लागतात आणि ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात त्यांना चांगलंच मानवतं. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर २० मिनिटांना दुप्पट होतात. त्या हिशोबाने एका जंतूचे ४ तासांत ४ हजारांच्या वर होतात. म्हणून नियम असा की नासणारा पदार्थ या पट्ट्यात २ तासांपेक्षा जास्त राहिला की तो खायचा नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा ३२ अंशांच्या वर असतो तेव्हा हीच मुदत १ तासावर येते. तुमच्याकडे वळीव पडला म्हणजे आदल्या दिवशी ऊन कडक असणारच.

आता उकळीचं. सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांच्या काळी सकाळी बकरं कापलं की दुपारी रस्सा पानात पडायचा. मटण साठवायची सोयच नव्हती, आणि त्या ताज्या मटणाला हळद, मीठ आणि सणसणीत उकळी पुरत होती. उकळीने बहुतेक जिवंत जंतू आजही मरतात. मरत नाही ते त्यांनी आधीच तयार करून ठेवलेलं विष. आपल्या नाकात आणि हातावरच्या जखमांमध्ये स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. मटण कापताना, मासे साफ करताना तो हातावाटे पदार्थात जातो. पदार्थ काही तास कोमट राहिला की तो विष सोडतो, आणि ते विष उकळीलाही टिकतं. रस्सा खदखदून उकळलेला असतो आणि तरी तीन-चार तासांत सगळ्या घराला उलट्या सुरू होतात. हळद-मिठाचं म्हणाल, तर सुकी मासळी ज्या प्रमाणात खारवतात तेवढं मीठ असेल तर ते खरंच राखतं. रश्शासाठी चोळतो तेवढ्या मिठाने एवढ्या तासांचं नुकसान भरून येत नाही.

बांगड्यांबद्दल मी इतकी ठाम का, ते सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात बांगडा, तारली आणि सुरमई सगळ्यात जास्त खाल्ली जाते. या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गार राहिला नाही की जंतू त्यापासून हिस्टामीन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार करतात. हे हिस्टामीन तळून जात नाही, उकळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. त्याहून वाईट म्हणजे, ते तयार करणारं विकर (एन्झाइम) एकदा माशात निर्माण झालं की जंतू थंडीने गप्प पडल्यावरही काम करत राहू शकतं. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, कधी जिभेवर मिरीसारखी चरचर जाणवते. लोक म्हणतात, "मला मासे बाधतात." पुष्कळदा ती माशांची ॲलर्जी नसते, तो मासा वाटेत किंवा फ्रीजरमध्ये तापलेला असतो. तुमच्या पिशवीत पाणी साचलं होतं म्हणजे बांगडे पूर्ण वितळून बराच वेळ तसेच पडले होते. चोर्ला घाटातून आणताना ते किती गार राहिले होते, तेही त्यात धरायला हवं. मासे पिशवीत टाकून गाडीच्या डिकीत ठेवणं हीच अर्धी बिघाडाची सुरुवात असते. गोव्याहून, कारवारहून किंवा आंबोलीमार्गे मालवण-वेंगुर्ल्याहून मासळी आणणार असाल तर थर्माकोलचा डबा घ्या, १ किलो मासळीला १ किलो बर्फ धरा, मासा आणि बर्फ थराथराने घाला आणि वितळलेलं पाणी खालून निघून जाईल असं बघा. वाटेत चहाला थांबलात तर डबा उन्हात राहू देऊ नका.

बर्फाच्या कणांची खूण कशी वापरायची हे नीट समजून घ्या, कारण ती फार कामाची आहे आणि फसवीही आहे. बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो, आणि शेवटचा कण वितळेपर्यंत त्याच्या आजूबाजूचा भाग शून्य अंशाच्या आसपासच राहतो. म्हणून बंद फ्रीजरमध्ये हळूहळू सैल पडलेल्या मटणाच्या तुकड्यांत कण लागत असतील तर ते सुरक्षित तापमानात होतं असं धरता येतं आणि ते पुन्हा गोठवता येतं. पण २-३ किलोचा गोळा ओट्यावर काढून ठेवला असेल तर ही खूण चालत नाही. तिथे पोटात बर्फ असतो आणि वरचं एक बोटभर मांस केव्हाच खोलीच्या तापमानाला पोचलेलं असतं. काही घरांत रात्री परातीत मटण काढून झाकून ठेवतात, सकाळी "मधे अजून बर्फ आहे, चांगलं आहे" म्हणतात, तो हाच घोटाळा. अंदाजावर विसंबायचं नसेल तर अन्नात खुपसायचा छोटा थर्मामीटर घ्या. फ्रीजरमधून काढल्या काढल्या मटणाच्या जाड भागात खुपसून ५ अंश किंवा त्याखाली दाखवत असेल तर मटण चांगलं आहे.

वेळेचा हिशोबही सांगते. दार न उघडता गच्च भरलेला वेगळा फ्रीजर सुमारे ४८ तास गारवा धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. तुमचा अर्धा भरलेला होता आणि लाईट २४ तासांच्या आत आली, म्हणजे मधलं आणि तळाचं सामान बहुधा वाचलं असेल, वरच्या थरातलं मऊ पडलं असेल. दार किती वेळा उघडलं त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. सिंगल डोअर फ्रिजमधल्या वरच्या बर्फाच्या कप्प्याला हे आकडे लावू नका, तो याच्या कितीतरी आधी हार मानतो. आणि फ्रिजचा खालचा भाग तर दार बंद ठेवूनही जेमतेम ४ तास टिकतो.

आता एकेक जिन्नस. मटणात कण असतील तर मी स्वतः ते गोठवण्यापेक्षा आजच शिजवेन. पुन्हा गोठवल्याने विषबाधा होते असं नाही, पण प्रत्येक वेळी बर्फाचे स्फटिक मांसाच्या पेशी फोडतात, पाणी सुटतं आणि मटण चोथ्यासारखं होतं. खिमा असेल तर जास्त कडक राहा, कारण कापताना बाहेरचे जंतू आत सगळीकडे मिसळलेले असतात. चिकनला तोच नियम: बर्फ किंवा फ्रिजसारखा गारवा असेल तर आजच शिजवा, आतपर्यंत ७४ अंशांना पोचू दे, हाडाजवळ गुलाबी राहता कामा नये. ते नळाखाली धूत बसू नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, कोथिंबिरीवर, शेजारच्या काकडीवर जातात. कोळंबीत कण असतील तर लगेच कालवण करा. कोळंबी दुसऱ्यांदा गोठवली की रबर होते, तो खटाटोप करू नये.

वाटाण्यात बर्फ असेल तर पुन्हा ठेवा, चव थोडी उतरेल. पूर्ण वितळून ६ तासांपेक्षा जास्त वेळ कोमट राहिला असेल तर टाका. आणि गोठवलेला वाटाणा किंवा मक्याचे दाणे नुसते वितळवून सॅलडमध्ये घालायची नवी सवय लागली आहे, ती सोडा. युरोपात गोठवलेल्या मक्यामुळे लिस्टेरिया या जंतूची मोठी साथ पसरल्याचं २०१८ साली उघड झालं आणि त्यात माणसं दगावली. लिस्टेरिया फ्रिजच्या गारव्यातही वाढतो आणि गरोदर बायकांना त्याचा धोका फार. गोठवलेली भाजी नेहमी शिजवूनच खायची. नारळ गार असेल तर आजच वाटणाला किंवा भाजीला वापरा, ओलसर-कोमट झाला असेल तर ठेवू नका. साध्या चपात्या, पाव, लोणी यांची काळजी नको. खवा आणि कुंदा दुधाचे आहेत, तेव्हा मऊ पडून खोलीइतके कोमट झाले असतील तर बेळगावहून पाहुण्यांनी प्रेमाने आणलेले असले तरी टाका. आइस्क्रीमचं दूध-साखर-पाणी वितळलं की जंतूंना सगळं आयतंच मिळतं, आणि ते आपण शिजवून खात नाही, म्हणून त्याला दुसरी संधी नाही. घरात बाळंतीण असेल आणि आईचं दूध गोठवून ठेवलं असेल, तर पूर्ण वितळलेलं पण फ्रिजसारखं गार राहिलेलं दूध २४ तासांत वापरा आणि पुन्हा गोठवू नका. कोमट झालं असेल तर २ तासांच्या पुढे बाळाला देऊ नका.

शिजवून टाकलं की प्रश्न संपला असं मात्र नाही, विशेषतः जत्रेच्या दिवसांत. लक्ष्मीच्या यात्रेला घरात पै-पाहुण्यांसाठी मोठ्या पातेल्यात रस्सा होतो, उरलेला झाकण घालून रात्रभर तसाच राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचातलं चिवट रूप, उकळीतून जिवंत सुटतात आणि हळूहळू निवणाऱ्या त्या खोल पातेल्यात त्यांना हवं तसं ऊबदार, हवाबंद घर मिळतं. दुसऱ्या दिवशी "पोट बिघडलं, तेल जास्त झालं" म्हणतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. उरलेला रस्सा पसरट भांड्यांत काढा, दोन इंचांपेक्षा जाड थर नको, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि २ तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. वाफ निघत असताना फ्रिजमध्ये ठेवल्याने अन्न खराब होत नाही, शेजारचं सामान तापतं एवढंच. म्हणून आधी पसरट भांडं आणि गार पाणी. परत गरम करताना कडेने बुडबुडे आले म्हणून उतरवू नका, सगळा रस्सा ढवळून खदखदू द्या.

एरवी गोठवलेलं मटण-चिकन वितळवायचं कसं, तेही सांगते, कारण घरोघर ते ओट्यावर काढलं जातं. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवणं. रक्ताचं पाणी खाली दुधावर किंवा कोथिंबिरीवर ठिबकता कामा नये. १ किलोचं पाकीट सकाळपर्यंत सुटतं. फ्रिजमध्ये वितळलेलं चिकन, खिमा किंवा मासे १-२ दिवसांत, मटणाचे तुकडे ३ ते ५ दिवसांत शिजवावेत, आणि बेत बदलला तर न शिजवता पुन्हा गोठवलेलेही चालतात. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला. अर्धा किलो साधारण तासाभरात सुटतं. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं तर कडा शिजायला लागलेल्या असतात. म्हणून या दोन्ही पद्धतींत लगेच शिजवायचं, आणि पुन्हा गोठवायचं असेल तर शिजवल्यावरच. कढत पाणी नको, ऊन नको. दुकानातून आणलेले हवा काढून पॅक केलेले मासे वितळवायच्या आधी पाकिटाला चीर द्या. बंद पाकिटात हवा नसताना बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू गारव्यातही वाढू शकतो.

पुढच्या वेळेसाठी एक सोपी युक्ती करा. वाटीत पाणी गोठवा, त्या बर्फावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरच्या वरच्या भागात राहू द्या. गावाहून परत आलात आणि नाणं वरच असेल तर काही बिघडलेलं नाही. नाणं बुडून बर्फाच्या तळाशी गोठलेलं असेल तर तुमच्या मागे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, पाकिटं कितीही गच्च दिसोत. आपल्याकडे व्होल्टेज पडण्याचाही त्रास आहे. दिवा मिणमिणता जळत असतो, पण स्टॅबिलायझरने फ्रीजर तोडलेला असतो, आणि लाईट होती म्हणून कोणाला शंकाच येत नाही. फ्रीजरमध्ये रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या, वर थोडी जागा सोडून, भरून गोठवा. लाईट गेली की त्याच बर्फाचं काम करतात. मटण-मासे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्यांत, तारीख घालून, तळाला ठेवा. वाटाणा-नारळ वर. बाहेरून बर्फाची लादी आणली तर ती पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही, ती पिशवीबंद सामानाभोवतीच लावा.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत आपल्या बाजारात येणारी पुष्कळशी मासळी गोठवलेली किंवा बर्फात बरेच दिवस ठेवलेली असते. "ताजी" म्हणून घेतलेला मासा आधीच एकदा वितळलेला असू शकतो. म्हणून पावसाळ्यात आणलेले बांगडे-सुरमई घरी पुन्हा न गोठवता त्याच दिवशी करा. दुकानातल्या फ्रीजरमधलं पाकीट घेताना दाबून बघा. वाटाण्याचे दाणे सुटे खुळखुळायला हवेत, एकच ढेकूळ झालं असेल किंवा पाकिटाच्या तळाशी रक्ताचं पाणी थिजलेलं दिसत असेल तर ते आधी कधीतरी वितळलेलं आहे. मागे ठेवा.

टाकायचं ते कुत्र्या-मांजरांसमोर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. फ्रीजर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, मग ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून त्याने कोपरे आणि दाराचं रबर पुसा, कोरडं होऊ द्या, मगच सामान लावा.

आणि यातलं काही आधीच खाण्यात आलं असेल तर घाबरू नका, लक्ष ठेवा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस घोट घोट देत राहा आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. शौचात रक्त, अंगात ताप, लघवी कमी होणं, पाणीही पोटात न टिकणं, किंवा मासे खाल्ल्यावर श्वास लागणं, ओठ-घसा सुजणं यांपैकी काही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. लहान मूल, गरोदर बाई, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आणि सासूबाईंच्या वयाची माणसं यांच्या बाबतीत तेवढी वाटही पाहू नका. डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि किती जणांना त्रास होतोय हे तिन्ही सांगा.